दिवसाचा धूर

सोमवारी अमाओझारात कोणी येत नाही. रानातली पोरं सांगून गेलीत, सोमवारी घरात बसायचं, आपल्या वेगळ्या राष्ट्रासाठी, बियाफ्रासाठी. चौकीवरचे सैनिक सांगून गेलेत, सोमवारी दुकानं उघडायची, नाहीतर तुम्ही त्या पोरांचेच. मग माणसं दारं लावून घेतात आणि फटीतून बघत बसतात, शेजाऱ्यानं कोणाचं ऐकलं ते.

म्हणून त्या सोमवारी सकाळी इरोकोच्या झाडाखाली मोटारसायकल थांबली आणि तिच्यावरून एक पोरगी उतरली, तेव्हा अख्ख्या गावानं तिला पाहिलं. ओगेरीनं सगळ्यात आधी पाहिलं. ओगेरी बहात्तर वर्षांची. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, पण संशय घ्यायला तिला एक डोळा पुरायचा.

"मोटारसायकलवाला मागे वळूनसुद्धा न बघता पळाला," ती कुंपणाला तोंड लावून म्हणाली.

कुंपणापलीकडे इहुओमा होती. साठीची, तळ्यावरच्या बायकांची म्होरकी, आणि जिभेला हाड नावाला नसलेली. "घाईत असेल."

"भ्यालेला होता."

"ओगेरी, तुला तर नवा पाद्री आला तेव्हाही वाटलं होतं की पोलीस आहे."

"झग्याखालचे बूट बघितलेस का त्याचे?"

"माझंही बघत असशील मग काय काय."

"बघते ना," ओगेरी म्हणाली. "काल तुझी मडकी सहा होती. आज सात आहेत."

असं हे ओगेरीचं. शिरगणतीची बाई आली होती तेव्हा ओगेरीनं दारात उभं राहून तिला सांगितलं होतं की या घरात कोणी राहत नाही. मुलानं, म्हणजे शाळामास्तर ओग्बोनियानं, तिला फोन आणून दिला, तो तिनं तीन कापडांत गुंडाळून कणग्यांच्या माचाखाली पुरून ठेवला. "ते ऐकतं," म्हणाली. आणि सगळ्यात मोठी गंमत गावाला वाटायची ती तिच्या चुलीची.

तळं हे अमाओझाराच्या बायकांचं. कोवळ्या झावळ्यांची दोरी बांधलेली असते, तिच्या आत पुरुषाचं पाऊल पडत नाही आणि बाईची चप्पल पडत नाही. आत प्रत्येकीची छपरी, छपरीत तिची चूल, चुलीमागे पिढ्यान्‌पिढ्या साठलेला राखेचा ढीग, काही तर माणसाच्या उंचीचे. भोपळ्याच्या तुंब्यात खारं पाणी भरायचं, मातीच्या मडक्यात चढवायचं, आटवत न्यायचं, जोवर मीठ तळाशी बसत नाही. आणि एक नेम असा की तळ्यावरची चूल पाण्यानं विझवायची नाही. जे पाणी आपल्याला मीठ देतं ते आगीच्या तोंडावर मारायचं नाही. चूल आपली आपण विझते.

बाकीच्या बायका उजाडल्यावर चुली पेटवत. ओगेरी मात्र पहाटेचं धुकं असलं तरच, नाहीतर दिवस कलल्यावर. लख्ख उजेडात तिच्या छपरीतून धूर निघालेला कोणी पाहिला नव्हता. नव्या सुना विचारत, "आजी, असं का?"

"उन्हानं मीठ कडू होतं."

"आमचं नाही होत!"

"तुम्हाला चव कुठेय?"

खरं कारण ओगेरीच्या पोटात होतं. चोपन्न वर्षं ती एकाच प्रश्नाला भीत होती: त्या दिवशी चूल कोणी पेटवली? हा प्रश्न कोणी विचारू नये म्हणून ती सगळ्यांना आधी प्रश्न विचारायची.

पोरगी थेट तिच्याच अंगणात आली. पाठीला पिशवी, हातात एक छोटंसं काळं यंत्र.

"आजी, नमस्कार करते. मी सोमाडिना. एनुगूहून आलेय."

"सोमवारी?"

"सोमवारी रस्ता मोकळा असतो."

"मोकळा नसतो, ओसाड असतो. त्यात फरक आहे." ओगेरीनं तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. नखं रंगवलेली नाहीत. पोलीस रंगवत नाहीत. पण पोलिसांच्या बायकाही रंगवत नाहीत. "कोणी पाठवलं?"

"कोणी नाही. मी जुन्या गोष्टी गोळा करते. मिठाच्या. युद्धातल्या. तेव्हा समुद्राकडून मीठ यायचं बंद झालं होतं, अख्खा बियाफ्रा तुमच्या तळ्याचं मीठ खात होता ना?"

"आम्ही कुठल्या बियाफ्राचे! तुमचे शहरातले लोक आम्हाला मिठाकडची माकडं म्हणायचे. आमच्या बोलण्याला हसायचे. उपासमारीनं मुलांचे केस तांबडे व्हायला लागले, पोटं फुगली, तेव्हा आम्ही एकदम बहिणी झालो. मग युद्ध संपलं आणि पुन्हा माकडं." तिनं यंत्राकडे बोट केलं. "ते चालू आहे?"

"नाही."

"मग तो लाल डोळा कशाला उघडा?"

पोरीनं जीभ चावली आणि यंत्र बंद केलं. ओगेरीला आतून बरं वाटलं. पकडलं. आता ही जाईल.

पण ती गेली नाही. "आजी, तळ्यावर एक थंड चूल आहे म्हणतात. चोपन्न वर्षांत कोणी पेटवली नाही. ती कोणाची?"

ओगेरीनं गालावर हात ठेवला. "दात दुखतोय," ती म्हणाली. "तू जा आता."

कुंपणापलीकडे इहुओमा फसकन हसली. ओगेरीचा दात गावात प्रसिद्ध होता. तळ्यावरच्या बैठकीत शपथेची वेळ आली, जिभेवर मिठाचा खडा ठेवून खरं बोलायची वेळ आली, की हा दात ठणकायला लागे. एरवी त्याच दातानं ती कोलाचं फळ फोडायची.

दुसऱ्या दिवशी बाया तळ्यावर होत्या. पोरगी आली. झावळ्यांच्या दोरीपाशी कोणी न सांगता तिनं चपला काढल्या आणि उजवा पाय आधी टाकला. इहुओमाच्या भुवया वर गेल्या. शहरातल्या पाहुण्यांना हे तीनतीनदा सांगावं लागे.

पोरगी कोणाकडे न बघता चालत गेली. चौदा छपऱ्या ओलांडल्या आणि पंधराव्या जागेपाशी थांबली. तिथे छप्पर नव्हतंच, तीन काळे दगड आणि गवत उगवलेला राखेचा ढीग. ती उकिडवी बसली, अनामिका मातीत घासली आणि जिभेला लावली.

अनामिका! सगळ्या बाया तर्जनीनं मीठ चाखत. अनामिकेनं चाखणारी ओगेरीनं आयुष्यात एकच पाहिली होती.

"कोणाची गं तू?" ओगेरीच्या तोंडून निघून गेलं. तिचं तिलाच कळलं नाही.

पोरगी उभी राहिली. "एनिडियाची मुलगी उगो. उगोची मुलगी मी."

बाया एकएक पाऊल मागे सरल्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. एनिडिया. सॅबो. बियाफ्राच्या त्या तीस महिन्यांत बंदुकीला लोक जेवढे भीत नव्हते तेवढे त्या एका शब्दाला भीत. घरभेदी. शत्रूला वाट दाखवणारा. एकदा कोणाच्या नावाला चिकटला की राष्ट्र संपलं, झेंडा गेला, नोटा चुलीत गेल्या, पण शब्द राहिला.

"कालच सांगायचं होतंस," इहुओमा म्हणाली. "चोरासारखी आलीस."

"सांगितलं असतं तर दार उघडलं असतंत?"

"नसतं."

"मग!" पोरगी ओठ दाबून उभी राहिली. मग एका दमात बोलली, "माझं लग्न ठरतंय. मुलाकडचे येत्या न्क्वोच्या बाजारदिवशी चौकशीला येणार आहेत. इथे, तळ्यावर. माझ्या आईची दोन स्थळं इथूनच मोडली. चौकशीची माणसं आली, त्यांनी विचारलं घर कसं आहे, आणि कोणीतरी त्यांना नुसती ही थंड चूल दाखवली."

"विचारलं तर सांगावं लागतं," इहुओमा म्हणाली. "चौकशीत खोटं बोललं तर ते पाप दोन घरांना लागतं."

"मी कुठे म्हणते खोटं बोला! मला फक्त सांगा, त्या दिवशी चूल कोणी पेटवली? माझ्या आजीनं पेटवली असेल तर मीच त्यांना तसं सांगेन आणि परत पाठवेन. पण माझी आई मरेपर्यंत म्हणायची की त्या पहाटे आजी घरात होती. उजाडेपर्यंत आईच्या वेण्या घालत होती. पाच वर्षांच्या पोरीचं कोण ऐकणार?" तिनं एकेका चेहऱ्यावर नजर फिरवली. "तेव्हाच्या इथे कोण कोण आहात?"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हाच्या तिघीच उरल्या होत्या. एकीला ऐकू येत नव्हतं. दुसरी अंथरुणाला खिळलेली. तिसरी ओगेरी, आणि ती आपल्या तुंब्यात इतक्या एकाग्रतेनं बघत होती की जणू त्यात मासा असावा.

"ओगेरी," इहुओमा हळूच म्हणाली, "तुझी चूल तर शेजारचीच."

"मी नवी नवरी होते. मला काय कळतंय!"

"मी कुठे काय म्हटलं?" इहुओमा म्हणाली. आणि कुंपणाच्या फटीतून बघावं तसं तिनं ओगेरीकडे बघितलं.

दुपारी ओग्बोनिया शाळेतून सरळ आईकडे आला. त्याच्या कानावर सगळं गेलं होतं.

"आई, तू न्क्वोच्या दिवशी तळ्यावर जाऊ नकोस."

"का?"

"लोक बोलतायत. इहुओमा बोलतेय. माझ्या न्नेओमाचं लग्न पण आता बघायचंय. उद्या तिची चौकशी आली आणि लोकांनी या घराकडे बोट केलं तर?" तो मग खाली बघत म्हणाला, "तुला काही माहीत आहे का?"

"नाही."

"मग झालं," तो चटकन म्हणाला. इतक्या चटकन, की ओगेरीला कळलं, यालाही संशय आहे. किती वर्षांपासून असेल? पोरगं इतकी वर्षं शहाण्यासारखं न विचारता राहिलं होतं.

तो गेल्यावर ती अंगणात बसून राहिली, आणि जे ती कधी नीट आठवू देत नसे ते ओळीनं आठवलं.

युद्धाच्या त्या वर्षी हुकूम होता: दिवसा धूर नको. विमानं धूर बघून येतात. चुली अंधार पडल्यावर पेटवायच्या आणि पहिल्या कोंबड्याला थंड झाल्या पाहिजेत. ओगेरी अठरा वर्षांची, पाचवा महिना चाललेला, सासू वारलेली. तिला मीठ करायला शिकवलं एनिडियानं. पाण्याची धार कशी धरायची, मडक्याचा आवाज बदलला की जाळ कसा कमी करायचा. ओगेरीची चूल पावसानं खचली तेव्हा एनिडिया म्हणाली, "आज माझी घे. पण कोंबड्याच्या आधी आटप हं, झोपशील."

ती झोपली. पोटुशी बाई, ऊबदार चूल, झोपली. जागी झाली तेव्हा कोंबडा आरवून गेला होता आणि मीठ बसलं नव्हतं. लाकूड ओलं, धूर काळा. पाच पावलांवर तळं भरलेलं. एक तुंबा ओतला असता तर संपलं असतं. पण तळ्याच्या चुलीवर पाणी? पोटात मूल असताना? तिचा हातच उचलेना. तिनं अर्धवट मडकं खाली काढलं, हात भाजले, कोणाला दिसू नये म्हणून ते राखेच्या ढिगात खोल पुरलं, जळती लाकडं ओढून बाजूला केली आणि घरी पळाली. मागे धूर उजेडात सरळ उभा होता.

बाजार भरायच्या वेळी विमान आलं. एकोणीस माणसं.

दंडाला बियाफ्राच्या पट्ट्या बांधलेली चार माणसं दुपारी तळ्यावर आली. दोरीबाहेर उभं राहून त्यांनी बायांना चुलींत हात घालायला लावला. एक चूल कोमट निघाली.

"ही कोणाची?"

"माझी," एनिडिया म्हणाली. चूल तिचीच होती.

"कोणी पेटवली?"

एनिडियानं ओगेरीकडे पाहिलं. तिच्या भाजलेल्या हातांकडे, मग पोटाकडे. मग बराच वेळ पाहिलं. ओगेरीला आजवर कळलं नव्हतं की ते बघणं 'मी बोलत नाही' असं होतं की 'आता तू बोल' असं होतं. ओगेरी बोलली नाही. एनिडियाला नेलं. ती परत आली नाही. तिच्या भावांनी येऊन छोट्या उगोला उचलून नेलं, तेव्हा तिच्या डोक्यावरच्या वेण्या तशाच घट्ट होत्या.

विमान धुरामुळे आलं का? बाजारात चारशे माणसं होती, ती वरून दिसलीच असतील. ओगेरीनं हे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता तिचा स्वतःवरही विश्वास उरला नव्हता.

पुढे उगोच्या चौकशीला माणसं आली तेव्हा त्यांनी शेजारच्या चुलीवालीला विचारलं होतं. तिनं गालावर हात ठेवला होता. दोन्ही वेळा.

न्क्वोच्या दिवशी सकाळी पाहुणे आले. मुलाचा काका, त्याचा एक चुलतभाऊ आणि मुलाची आत्या. काका मोठा नीटनेटका माणूस, बूट पुसून दोरीबाहेर उभा. इहुओमा त्यांना घ्यायला पुढे झाली. सोमाडिना बाजूला उभी होती, अंगावर चांगलं कापड, चेहरा दगडासारखा.

"आम्हाला एवढंच बघायचंय," काका म्हणाला, "एनिडियाच्या घराची चूल कुठली ते. आमच्याकडे काही कानावर आलंय."

"थंड चूल ना," इहुओमा म्हणाली, "ती तिकडे..." आणि तिचा हात हवेतच राहिला.

पंधराव्या जागेवरून धूर निघत होता. लख्ख उन्हात, काळा, जाडजूड, सरळ वर. गवत उपटलेलं. तीन दगडांवर मडकं. आणि समोर ओगेरी बसलेली, डोळ्यांतून पाणी वाहतंय, ते धुरानं की कशानं ते कळत नव्हतं.

"ओगेरी! वेड लागलं का?"

"या सगळ्या," ओगेरी म्हणाली. "पुरुषांनो, तुम्ही तिथूनच ऐका, मी मोठ्यानं बोलते. ही चूल एनिडियाची. त्या दिवशी तिच्यात जाळ केला तो मी. माझी खचली होती म्हणून तिनं दिली होती. मी झोपले. तिनं मला झाकलं. चौकशीला आलात ना? ही चौकशी."

इहुओमानं कमरेवर हात ठेवले.

"काय खाऊ घातलं तुला या पोरीनं?"

"काय?"

"चोपन्न वर्षं दात दुखत होता आणि आज बरा झाला? सोमवारी ही येते, न्क्वोला तू बोलतेस! आम्ही काय कालच्या आहोत?"

"मी काही दिलं नाही," सोमाडिना म्हणाली. पण तीसुद्धा ओगेरीकडे संशयानंच बघत होती.

काकानं घसा खाकरला. "हे बघा, आम्ही चौकशीला आलोय. तयार करून ठेवलेलं नाटक बघायला नाही. म्हातारं माणूस आहे, कोणी शिकवलं तर काहीही बोलेल."

ओगेरीला हसूच आलं. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, आणि आज खरं बोलली तर सगळं गाव ओगेरी झालं होतं.

"इहुओमा, मीठ आण."

इहुओमानं खडा आणला. ओगेरीनं तोंड उघडलं. सगळ्या बाया पुढे वाकल्या, त्या दाताचं दर्शन गावाला पहिल्यांदाच घडत होतं. खडा जिभेवर ठेवून तिनं तेच पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द, लाळ गिळत. मग म्हणाली, "तरी पटत नसेल तर राख उकरा. तिकडे, उजवीकडे, कोपरभर खोल. माझ्या माहेरचं मडकं आहे. माझी आई काठावर अंगठ्याचे तीन ठसे उठवायची, आणि चौथा अर्धा. चौथ्याला तिचा अंगठा दमायचा."

"उकरा," इहुओमा म्हणाली, पण सुनांना हात लावू दिला नाही. स्वतः गुडघ्यांवर बसली. तिला कोणाचा भरवसा नव्हता. राख वर यायला लागली, करडी, मग पांढरी, मग ओलसर. कोपरापर्यंत हात आत गेला. ती थांबली.

तिनं काठाचा तुकडा बाहेर काढला. कापडाला पुसला. एक ठसा. दोन. तीन. आणि अर्धा.

इहुओमानं ते ठसे ओगेरीच्या अंगणातल्या प्रत्येक जुन्या मडक्यावर पाहिलेले होते. तिलाही मडकी मोजायची सवय होती. तुकडा तिनं सोमाडिनाच्या हातात दिला.

"तुमच्या घराचं नाव काय?" काकानं दोरीबाहेरून ओगेरीला विचारलं.

"एग्वू ओकोंचं घर. मुलगा ओग्बोनिया, शाळेत मास्तर आहे. नात न्नेओमा, लग्नाची आहे." ओगेरीनं एक लाकूड आत सरकवलं. "तिच्या चौकशीला कोणी आलं तर त्यांनाही हेच सांगा. मी मेले असले तरी."

गर्दीच्या कडेला ओग्बोनिया येऊन उभा राहिला होता. त्यानं मान खाली घातली, पण गेला नाही.

मुलाच्या आत्यानं चपला काढल्या आणि दोरी ओलांडून आत आली. मडक्यात वाकून बघितलं. मीठ नुकतंच बसायला लागलं होतं. बदनाम चुलीचं मीठ कोणी घेत नाही, हे त्यांच्या गावातही तसंच होतं. तिनं काठाचा खडा मोडला, फुंकला, चाखला, आणि उरलेला आपल्या कापडाच्या टोकाला बांधला.

"कडू नाही," ती काकाला म्हणाली. "चला. घरी वाट बघत असतील."

"पण अजून..."

"काय राहिलंय? त्या पोरीची आजी दुसरीसाठी मेली. तुझ्या घरात आहे का असं कोणी?"

काकानं इहुओमाला वाकून नमस्कार केला आणि ते वाटेला लागले.

बायाही हळूहळू आपापल्या छपऱ्यांकडे गेल्या, पण एकीचाही हात चालत नव्हता. सगळ्यांचे कान पंधराव्या चुलीकडे. तिथे ओगेरी आणि सोमाडिना राहिल्या.

"दोनदा," पोरगी म्हणाली. "दोनदा तुम्हाला विचारलं होतं. आई सांगायची, शेजारच्या बाईचा दात दुखत होता म्हणून ती बोलली नाही. आई म्हणायची, बिचारी." तिनं मडक्याचा तुकडा उलटा केला. "शेवटी ज्यानं चौकशी केली नाही त्याच्याशी तिनं लग्न केलं. त्याला नंतर कळलं. मग रोज तो तिला ऐकवत राहिला."

ओगेरीनं मडक्याखालची राख सारली. बोलण्यासारखं तिच्याकडे जे होतं ते सगळं बोलून झालं होतं.

"मी तुम्हाला माफ वगैरे करायला आलेले नाही."

"मी माफी मागितली का?"

"नाही." पोरगी चिडून म्हणाली, "तेवढी तरी मागायची!"

मडक्याचा आवाज बदलला. ओगेरीनं दोन लाकडं मागे ओढली. पोरगी बघत होती, हात कसा जातो, किती मागे.

"ही आता विझवायची कशी?"

"विझवायची नाही. आपली आपण विझते."

"किती वेळ लागेल?"

"संध्याकाळ होईल."

सोमाडिनानं इकडेतिकडे पाहिलं, एक ओंडका ओढला आणि बसली. ओगेरीकडे अर्धी पाठ करून. धूर दोघींच्या मधून वर जात होता. ओगेरीनं मान वर केली, चोपन्न वर्षं धूर दिसला की मान अशीच वर जायची.

"काय आहे वर?" पोरगी लगेच म्हणाली.

"काही नाही."

पोरीचा विश्वास बसला नाही. ती कपाळावर हात धरून बराच वेळ आभाळात बघत राहिली.